सुरांचा शिक्षक : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

आपल्या कर्जत-खालापूर भागात गाणे शिकायचे म्हटले की मुलगा प्रथम गावच्या भजनी बुवांकडे जातो. बुवांकडे वर्ग नसतो, फळा नसतो, वेळापत्रक तर नसतेच. रात्री जेवणे आटोपून मंडळी देवळात जमली की बुवाच पेटी पुढे ओढतात, बुवाच मृदंगावर थाप मारून ठेका दाखवतात, टाळ चुकला तर पोराच्या हातून टाळ काढून घेऊन तो कसा धरायचा हेही तेच दाखवतात. पेटीची एखादी पट्टी बसली तर स्क्रू काढून ती दुरुस्त करणारेही तेच. त्यांना सगळेच येते, म्हणून कोणाला त्याचे अप्रूप वाटत नाही. गवई म्हणून माणसाचे नाव होते, एखाद्या वाद्याचा वादक म्हणूनही नाव होते. पण जो चार वाद्ये जाणतो आणि ती एकेक करून दुसऱ्याच्या हाती देतो, त्याला आपण नुसते शिकवणारा म्हणतो आणि पुढे जातो.

अशाच एका शिकवणाऱ्याची ही कथा आहे. जगाने त्याला थोर गायक म्हणून ओळखले, आणि तो होताही तसाच. परंतु सारंगी, बीन, सतार आणि तबला ही वाद्ये हाताखालून गेलेली असल्यामुळे त्याचे गाणे आणि त्याचे शिकवणे या दोहोंना जे वेगळेपण आले, त्याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी करावा असे मला वाटते. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे ते थोर शिक्षक होत. त्यांना जाऊन आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली आहेत.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी कैराना या गावी झाला. हे गाव उत्तर प्रदेशात असून ते पूर्वी मुझफ्फरनगर जिल्ह्यात मोडत असे; हल्ली ते शामली जिल्ह्यात आहे. याच गावाच्या नावावरून घराण्याला 'किराणा' हे नाव पडले. आपल्याकडे किराणा म्हटले की वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे येते, म्हणून हा खुलासा करावा लागतो. घरात पिढ्यान् पिढ्या संगीत होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे लहानग्या अब्दुल करीमची तालीम सुरू झाली. नन्हे खाँ या दुसऱ्या चुलत्यांचेही मार्गदर्शन मिळाले. अशा घरात मुलाला एकच विद्या देण्याची रीत नव्हती. गळ्याबरोबर हात तयार व्हायचा. त्यामुळे गाण्याबरोबर सारंगी आली, बीन आली, सतार आली, तबलाही आला.

यांपैकी सारंगीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण खाँसाहेबांच्या आयुष्याचा एक धागा तिच्यात गुंतलेला आहे. सतारीला पडदे असतात. पडद्यावर बोट दाबले की सूर ठरलेल्या जागी मिळतो. सारंगीला पडदाच नाही. तारेच्या कडेला नख टेकवून, ते वर-खाली सरकवून वादकाला सूर शोधून काढावा लागतो. नख गव्हाच्या दाण्याइतके इकडेतिकडे झाले तरी सूर बिघडतो. खाली ज्या अनेक तरफांच्या तारा असतात त्या केवळ झंकारतात; पण वरचा सूर खरा लागला तरच त्या झंकारतात. म्हणजे सारंगी हे वाद्यही आहे आणि परीक्षकही आहे. ज्याचे कान सारंगीवर तयार झाले, त्याला कच्चा सूर सहन होणे शक्यच नाही.

परंतु सुराची एवढी मोठी विद्या ज्याच्या बोटांत, त्या सारंगियाला त्या काळी समाजात मान नव्हता. मैफलीत त्याची जागा गाणाऱ्याच्या मागे असे. कोठीवर साथ करणारा म्हणून लोक त्याच्याकडे खालच्या नजरेने पाहत. अब्दुल करीम प्रथम सारंगीच वाजवीत असत आणि सारंगियाची ही अवहेलना पाहून ते गाण्याकडे वळले, असे सांगतात. त्यांनी सारंगी खाली ठेवली खरी, पण सारंगीने त्यांना सोडले नाही. त्यांची ध्वनिमुद्रिका लावून डोळे मिटून ऐकावी. एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मध्ये कोठे पायरी लागत नाही. गजाने ओढल्यासारखा आवाज अखंड वाहत राहतो.

दुसरे वाद्य बीन, म्हणजे रुद्रवीणा. बंदे अली खाँ हे त्या काळचे श्रेष्ठ बीनकार. किराण्याच्या परंपरेशी त्यांचा निकटचा संबंध होता. अखेरच्या दिवसांत ते पुण्यास होते आणि तेथेच वारले. बीनेचा स्वभाव धीमा आहे. तार छेडली की तिचा नाद बराच वेळ टिकतो, आणि तो नाद विरण्याच्या आत तार ओढून मींड घ्यावी लागते. घाई करणाऱ्याच्या हाती बीन बोलत नाही. किराणा गायकीत राग एकेका सुराने सावकाश उलगडत जातो. षड्जावरून ऋषभावर जायला गवयी घाई करीत नाही. या संथ आलापीचे मूळ बीनेत आहे असे जाणकार मानतात, ते पटण्यासारखे आहे.

तिसरी प्रेरणा मात्र वाद्याची नव्हे, माणसाची होती. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ हे विलक्षण गोड गळ्याचे गायक सर्कशीचे प्रसिद्ध मालक विष्णुपंत छत्रे यांच्या आश्रयाला होते. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी कुरुंदवाडला काढली आणि १९२२ साली तेथेच देह ठेवला. मनाने ते या जगात फारसे नसत; पण गाऊ लागले की ऐकणाऱ्याचे भान हरपे. अब्दुल करीम खाँ यांनी त्यांना मनापासून मानले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातील ती बारीक, उंच, करुण फेक रहिमत खाँच्या गाण्यावरून आली असे संगीतज्ञ सांगतात. दुसऱ्या घराण्यातील चांगले घेणे हा ज्या काळी कमीपणा समजला जाई, त्या काळी त्यांनी हे केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तरुण वयात अब्दुल करीम आणि त्यांचे बंधू अब्दुल हक यांची जोडी गात गात बडोद्याला पोचली. गादीवर श्रीमंत सयाजीराव महाराज होते. भावांचे गाणे पसंत पडले आणि दोघेही दरबारात रुजू झाले. बडोद्याला तेव्हा आणखी एक नवे वारे वाहत होते. मौलाबक्ष यांची गायनशाळा तेथे १८८६ सालापासून चालू होती. संगीत हे दरबाराबाहेर, शाळेत बसून, सामान्य घरच्या मुलांनाही शिकता येते, हा विचार त्या शहरात प्रत्यक्ष उभा होता. पुढे खाँसाहेबांनी स्वतःची शाळा काढली तेव्हा बडोद्याचे हे चित्र त्यांच्या मनात असणार, असा तर्क केला तर तो वावगा ठरू नये.

याच बडोद्यात त्यांच्या आयुष्याला मोठे वळण लागले. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार माने यांच्या घरातील ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. दोघांनी लग्नाचा निश्चय केला. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कसे रुचावे? दोघांना बडोदे सोडावे लागले. दरबारची नोकरी, मान, निश्चित उत्पन्न, सगळे एका दिवसात मागे पडले. दरबार सुटला आणि मुंबई, मिरज, कोल्हापूर, धारवाड, हुबळी असा प्रवास सुरू झाला. पण म्हणूनच दक्षिण महाराष्ट्राला आणि उत्तर कर्नाटकाला हा शिक्षक लाभला. कोल्हापुरात केसरबाई केरकर यांनी अगदी लहान वयात त्यांच्यापाशी आठ महिने धडे घेतले. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ हे त्यांचे शिष्य झाले आणि पुढे 'सवाई गंधर्व' म्हणून गाजले.

मिरजेशी त्यांचा ऋणानुबंध विशेष जुळला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले आणि दर्ग्यात सेवा केल्यावर बरे झाले, अशी आठवण तेथील लोक आजही सांगतात. त्यांच्या श्रद्धेला पंथाची भिंत नव्हती. शिर्डीचे साईबाबा आणि नागपूरचे ताजुद्दीनबाबा यांच्यापुढेही त्यांनी आपले गाणे सादर केले होते. मिरजेचे दुसरे आकर्षण म्हणजे तेथील वाद्ये. भोपळ्यांपासून तानपुरे आणि सतारी बनवणाऱ्या कारागिरांची आळी तेथे आहे. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात या धंद्यात उतरली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अशा पिढ्यांचे हात आहेत. ज्या गवयाला स्वतः वाद्य उघडता येते, त्याची जवारी काढता येते, त्याला या आळीत किती आनंद होत असेल याची कल्पना करता येईल. जवारी म्हणजे घोडीची ती सूक्ष्म घासणी, जिच्यामुळे तानपुऱ्याची तार नुसती वाजत नाही तर गुंजते. घासणी थोडी कमी-जास्त झाली की गुंजन हरपते. खाँसाहेब आपली वाद्ये स्वतः दुरुस्त करीत, तानपुरे स्वतः लावीत, आणि तानपुरा मनासारखा लागल्याखेरीज गात नसत.

त्यांच्या कानाची कीर्ती विद्वानांपर्यंत पोचली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सप्तकातील बावीस श्रुतींची नेमकी स्थाने गणिताने काढण्याचा त्यांना ध्यास होता. त्यांचा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीशही या कामात त्यांना मिळाले. पण गणित कागदावर मांडले तरी सूर प्रत्यक्ष लावून दाखवणारा कोणी हवा होता. ते काम अब्दुल करीम खाँ यांनी केले. ते गात आणि देवल तारेची लांबी मोजत. पुढे क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची एक खास पेटी लंडनला बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा या श्रुति-पेटीवर मोठा वाद झाला आणि मोठमोठ्या उस्तादांनी ती मान्य केली नाही. वाद कोणी जिंकला हा प्रश्न येथे गौण आहे. घराण्याची विद्या उशाशी लपवून ठेवण्याच्या त्या दिवसांत एका उस्तादाने आपला गळा मोजमापासाठी खुला केला, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

विद्या खुली करण्याची ही वृत्ती सर्वात स्पष्ट दिसली ती १९१३ साली. त्या वर्षी पुण्यात त्यांनी 'आर्य संगीत विद्यालय' स्थापन केले. नावाकडे लक्ष द्यावे. कैरान्याहून आलेला मुसलमान उस्ताद, गाव पेशव्यांचे पुणे, आणि शाळेचे नाव आर्य संगीत. विद्यार्थ्यांत ब्राह्मण घरची मुले होती, इतर जातींची होती, मुसलमान होती. त्यातील कित्येक तेथेच राहून शिकत. त्यांच्या जेवणाखाण्याचा भार शाळेवर असे. तो भार उचलण्यासाठी तिकिटे लावून जलसे करावे लागत. जलशात स्वतः खाँसाहेब गात आणि विद्यार्थ्यांनाही बसवीत. शिकणाऱ्याला लोकांसमोर बसण्याची सवय लागे आणि शाळेचा खर्चही निघे. लोकांना ओढण्यासाठी त्यांनी टिपू नावाच्या एका कुत्र्याला सुरात सूर मिळवायला शिकवले होते, ही हकीकत बरीच प्रसिद्ध आहे. कोणी हसले, कोणी नाके मुरडली. पण ज्याने कुत्र्याला सूर कळतो असे मानून चिकाटीने शिकवले, तो माणसाच्या मुलाला हे तुला येणार नाही असे कसे म्हणेल?

त्यांच्या शिकवण्याची पद्धत पुस्तकी नव्हती. विद्यार्थ्याने प्रथम तानपुरा लावायला शिकायचे, षड्ज स्थिर करायचा, आणि मग एकेका सुराशी मैत्री करायची. ज्याचा गळा लवकर तयार होत नसेल त्याच्या हाती वाद्य येई. ज्याला तबल्याचा हात आहे त्याने तबला धरावा. पण गाण्याचा अर्थ त्यालाही कळला पाहिजे. तबलजी शमसुद्दीन खाँ हे याच परिवारातले. दशरथबुवा मुळे, गणपतबुवा बेहरे, विश्वनाथबुवा जाधव, शंकरराव सरनाईक, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी अशी शिष्यांची नावे पाहिली तर ती एका घराण्याची वाटत नाहीत, एका गावाची वाटतात. कपिलेश्वरीबुवांनी तर पुढे गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. ते १९७२ साली, खाँसाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी प्रसिद्ध झाले.

१९१७ साली शाळेची मुंबईत शाखा निघाली. पुणे आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी काम असले म्हणजे मध्ये आपला बोरघाट आलाच. त्या काळी घाटातली गाडी वाफेची होती, आणि चढण चढण्यासाठी जादा इंजिन जोडायला ती कर्जतला थांबे. खंडाळ्याजवळ गाडीला दिशा बदलून मागे वळावे लागे. ती व्यवस्था १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर संपली. आपल्या खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू होऊन येथली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली होती. मुंबईत गिरण्यांबरोबर वस्ती वाढत होती, नाटक कंपन्या भरभराटीला आल्या होत्या, ध्वनिमुद्रिकांचा धंदा जोर धरत होता. गाण्याला राजाऐवजी तिकीट काढणारा श्रोता मिळू लागला होता. खाँसाहेबांची शाळा या नव्या काळाचे अपत्य होती, आणि नव्या काळाच्या अडचणीही तिच्या वाट्याला आल्या.

येथे दुसऱ्या एका थोर पुरुषाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्मही १८७२ सालचाच, आणि तोही मिरजेजवळच्या कुरुंदवाडचा. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईत आणले. पंडितजींकडे छापील पुस्तके होती, परीक्षा होत्या, पदव्या होत्या, देशभर पसरलेली शिष्यशाखा होती. पंडित भातखंडे यांनी तर रागांचे शास्त्र ग्रंथात बांधून ठेवले. या दोघांच्या तुलनेत खाँसाहेबांपाशी संस्था उभारण्याचे साहित्य काहीच नव्हते. सगळी शाळा एका माणसाच्या गळ्यावर आणि हातांवर उभी होती. तो माणूस थकला, दुखावला की शाळा डळमळणार हे उघड होते.

आणि तसेच झाले. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. पतिपत्नींच्या मनातील गोष्टींचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढे मात्र दिसते की घर आणि शाळा ज्या संसारात एकच होते, त्याचा भार त्या माउलीनेही वर्षानुवर्षे वाहिला होता. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकीनाची सरस्वती राणे झाली. वडिलांचे नाव मुलांच्या नावामागून गेले. ज्याने परक्यांच्या मुलांना आपल्या पंक्तीला बसवून विद्या दिली, त्याच्याच मुलांनी पुढील तालीम घरातल्याच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे घेतली. विद्यालयही पुढे टिकले नाही. शिक्षकाच्या आयुष्यात याहून कठीण प्रसंग कोणता असू शकेल?

खाँसाहेब मिरजेला परतले. बानूबाई लाटकर, म्हणजेच सरस्वतीबाई मिरजकर, या शिष्येशी त्यांचा पुढे विवाह झाला. पन्नाशी गाठलेल्या वयात त्यांनी पुन्हा शिकायला आरंभ केला. म्हैसूर दरबारात त्यांचे जाणे-येणे होते. तेथून त्यांना 'संगीतरत्न' ही पदवी मिळाली होती. उत्तरेकडील उस्ताद म्हणून नुसता मान घेऊन न परतता त्यांनी कर्नाटक संगीत कान देऊन ऐकले, त्यागराजांची कृती गळ्यात बसवली, खरहरप्रिया आणि सावेरी यांसारखे दाक्षिणात्य राग ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या गाण्यातील सरगम ही दक्षिणेची देणगी आहे असे मानतात. मराठी नाट्यपदांनाही त्यांनी दूर ठेवले नाही. 'मानापमान' नाटकातील देवगंधार रागातल्या पदाची त्यांची ध्वनिमुद्रिका आहे. भैरवी आणि झिंझोटी रागांतल्या त्यांच्या ठुमऱ्या तर घरोघर गेल्या. बंधू अब्दुल हक यांची कन्या रोशनआरा बेगम हिने याच काळात त्यांच्यापाशी तालीम घेतली. पुढे ती पाकिस्तानात गेली आणि तेथेही किराण्याचा सूर पोचला.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले. रात्रीच्या वेळी सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज पढली, तानपुरा जुळवून घेतला, दरबारीचे सूर आळवले, आणि गाता गाता प्राण सोडला, असे सांगितले जाते. तो दिवस २७ ऑक्टोबरचा होता. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि देशातील नामवंत कलावंत तेथे सेवा म्हणून गातात, वाजवतात.

आता हिशेब मांडू. विद्यालय गेले. मुलांनी नाव टाकले.  मग राहिले काय?

हिराबाई बडोदेकर राहिल्या. कुलीन घरच्या स्त्रीने तिकीट लावून जाहीर मैफल करावी हे ज्या काळी ऐकिवात नव्हते, त्या काळी त्या रंगमंचावर बसल्या आणि त्यांनी हजारो मुलींसाठी वाट मोकळी केली. भावंडांनी मिळून पुण्यात नूतन संगीत विद्यालय चालवले. म्हणजे वडिलांचे नाव टाकलेल्या मुलांनी वडिलांचेच काम हाती घेतले. सुरेशबाबू माने तबला आणि पेटीही उत्तम जाणत. माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे यांना त्यांचीच तालीम लाभली. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल शिकल्या, फिरोज दस्तूर शिकले, भीमसेन जोशी शिकले. लहानग्या भीमसेनने खाँसाहेबांची झिंझोटी ठुमरीची तबकडी ऐकली आणि असे गाता आले पाहिजे या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडले. ज्या गुरूला त्याने डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, त्याच्या आवाजाने त्याला हाक दिली. त्याच भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. कुंदगोळच्या एका मुलाला दिलेली तालीम अशी शंभर वर्षे वाढत गेली.

शिक्षकाचे यश कोठे मोजायचे, हा प्रश्न आपणा विद्यार्थ्यांना आणि आपल्या प्राध्यापकांना सारखाच लागू आहे. संस्थेची इमारत, फलक, पदव्या ही मोजमापे सोपी आहेत. त्या मापाने खाँसाहेबांची शाळा फार काळ टिकली नाही असेच म्हणावे लागेल. परंतु विद्या देताना त्यांनी कोणाची जात विचारली नाही, वाद्याचीही जात विचारली नाही. सारंगीला समाजाने मागे बसवले होते. त्यांनी तिला आपल्या गळ्यातून पुढे आणून बसवले. अनेक वाद्ये जाणण्याचा खरा उपयोग हाच, की कोणतेच वाद्य आणि ते वाजवणारा कोणताच माणूस त्यांना हलका वाटला नाही.

आपल्या भागातील मुले संगीताचे पुढचे शिक्षण घेण्यासाठी लोकलने कल्याण-ठाण्याकडे नाहीतर घाट चढून पुण्याला जातात. त्यांनी जावे, मोठे व्हावे. पण देवळात पेटीची पट्टी दुरुस्त करणाऱ्या आणि पोरांना टाळ धरायला शिकवणाऱ्या बुवांकडेही त्यांनी एकदा नव्या नजरेने पाहावे. बुवा अब्दुल करीम खाँ नसतील. त्यांच्या हाती बीन नसेल आणि त्यांचा आवाज तबकडीवर नसेल. तरीही सगळे जाणावे आणि सगळे देऊन टाकावे, ही जी शिक्षकाची जात आहे, तिच्यात ते दोघे एकाच पंक्तीला बसतात. त्या पंक्तीतील सर्वात थोर पुरुषाला हे विनम्र अभिवादन.